सतरा मतांचा कलंक कोणाच्या कपाळी?

ज्या गावात गोविंदप्रभूंनी जातीपातीचे उंबरठे ओलांडून दीनदुबळ्यांच्या ओसरीवर बैठक मांडली, ज्या गावाच्या वाटेवर भडोचच्या प्रधानाचा पुत्र राजवैभवाकडे पाठ फिरवून आला आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे इथेच ज्ञान पावून चक्रधर झाला, ज्या गावात म्हाइंभटांनी गावोगावच्या आठवणी वेचून मराठीचा आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध केला, आणि ज्या गावाच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा करून आपल्या मराठीप्रेमाचा डांगोरा पिटला, त्या रिद्धपूरच्या ग्रामपंचायतीला विधान परिषदेवर आपल्या अमरावती जिल्ह्याचा ‘स्थानिक स्वराज्य संस्थांचा प्रतिनिधी’ निवडताना किती मते आहेत, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. शून्य.

सरपंचाला मत नाही, उपसरपंचाला नाही, सदस्याला नाही. महाराष्ट्रात या मतदारसंघाचे मतदार म्हणजे जिल्हा परिषदेचे सदस्य, त्यांच्यात पदसिद्ध म्हणून बसणारे पंचायत समित्यांचे सभापती, आणि महापालिका, नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नगरसेवक. ग्रामपंचायत ही स्वराज्याची पहिली पायरी, असे आमचे नेते दर प्रजासत्ताकदिनी घसा ताणून सांगतात. परंतु त्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला वरच्या सभागृहाच्या दाराची कडी वाजविण्याचाही अधिकार नाही. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्य या निवडणुकीत मतदान करतात. तिथे आभाळ कोसळलेले नाही. इथे मात्र २०११ च्या जनगणनेनुसार २८ लाख ८८ हजार लोकसंख्येच्या, चौदा तालुक्यांच्या अमरावती जिल्ह्याचा आमदार २०१८ मध्ये पाचशेही नसलेल्या मतदारांनी ठरविला. दहा बसगाड्यांत मावेल असा हा मतदारसंघ आहे! आणि तो बसगाड्यांत मावतो, हेच त्याचे सर्वांत मोठे दुर्दैव आहे.

मे २०१८ ची निवडणूक वाचकांना आठवत असेल. नसेल, तर ती आठवण करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. भारतीय जनता पक्षाचे उमेदवार होते प्रवीण पोटे-पाटील. अमरावतीतील बांधकाम व्यावसायिक, शिक्षणसंस्थांचे चालक, २०१२ मध्ये याच मतदारसंघातून प्रथम परिषदेवर गेलेले, डिसेंबर २०१४ मध्ये उद्योग, खनिकर्म, पर्यावरण आणि सार्वजनिक बांधकाम या खात्यांचे राज्यमंत्री झालेले आणि त्या वेळी जिल्ह्याचे पालकमंत्री असलेले. समोर काँग्रेसचे अनिल माधोगडिया. पेट्या उघडल्या तेव्हा पोटे यांना मते पडली ४५८. काँग्रेसच्या उमेदवाराला पडली १७. या मतदारयादीत काँग्रेसचे स्वतःचे शंभराहून अधिक सदस्य होते, आणि ज्या जिल्हा परिषदेचे सदस्य मत देत होते, त्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीत त्या दिवशी काँग्रेसचाच माणूस बसलेला होता. तरीही सतरा!

आमचे म्हणणे वाचकांनी नीट समजून घ्यावे. पोटे यांनी कोणता नियम मोडला, असा आमचा आरोप नाही. मत गुप्त असते, आणि ते कोणत्या कारणाने कुठे वळले हे मत देणाऱ्याखेरीज कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. विजयी उमेदवाराला आपले पक्षबळ, मंत्रिपदाचे वजन आणि वैयक्तिक संबंध यांचा लाभ मिळाला असेल, मिळो बापडा. आमचा प्रश्न त्यांना नाहीच. आमचा प्रश्न त्या शंभराहून अधिक महाभागांना आहे, ज्यांनी हाताचा पंजा छातीवर लावून गावात मते मागितली, गावाने ज्यांना पंजा पाहून जिल्हा परिषदेत आणि नगरपालिकेत पाठविले, ज्यांनी सभासभांतून धनदांडग्यांच्या राजकारणाविरुद्ध गळा काढला, आणि पडद्याआड शाईचे पेन हातात येताच ज्यांना आपल्या पक्षाच्या उमेदवाराचे नाव दिसेनासे झाले. आमचा प्रश्न त्या पक्षालाही आहे. कोणत्या बैठकीत या मतांचा हिशेब मागितला? कोणत्या ठरावाने कोणाला घरी बसविले? ज्या पक्षाला आपल्या शंभर माणसांचा शब्द सांभाळता येत नाही, त्याने अठ्ठावीस लाखांच्या विश्वासाची भाषा कोणत्या तोंडाने करावी? आणि ज्या सतरा जणांनी शब्द राखला, ते कोण हे आम्हाला ठाऊक नाही; पण जे कोणी असतील त्यांना रिद्धपूरच्या रीतीप्रमाणे आमचा दंडवत प्रणाम.

व्यापारी असणे हा गुन्हा नव्हे. ज्याने स्वकष्टाने धंदा उभारला, चार घरांची चूल पेटविली, त्याने विधिमंडळात जाऊ नये असे म्हणणारा मूर्ख तरी असेल किंवा मत्सरी. गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे खाणमालकच होते. पण त्या खाणमालकाने १९६३ मध्ये बहुजनांच्या मतांवर सत्ता मिळविली आणि दुसऱ्याच वर्षी कुळांच्या हक्कांचा कायदा करून भाटकारांचा, म्हणजे आपल्याच वर्तुळातल्या धनिकांचा, रोष ओढवून घेतला. गावोगाव मराठी शाळांची दारे उघडली. १९७३ मध्ये ते पदावर असतानाच गेले, तेव्हा कुळाच्या घरात सुतक पाळले गेले. त्यांची अनेक मते आम्हाला मान्य नाहीत, त्यांचा कारभार एकहाती होता, हेही खरे. परंतु धनिकाने आमदारकी कशासाठी घ्यावी याचे उत्तर त्यांच्या कुळकायद्यात मिळते. धन घेऊन सभागृहात येणे वेगळे आणि सभागृह हे धनाच्या मागोमाग येणे वेगळे.

आणि हे विधान परिषदेचे सभागृह कोणते? ज्याच्या सभापतिपदी बसून वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना राज्याच्या गळी उतरविली, तेच हे सभागृह. आमच्याच जिल्ह्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई १९६४ पासून तीस वर्षे ज्या बाकांवर बसले, उपसभापती झाले, सभापती झाले, विरोधी पक्षनेते झाले, तेच हे सभागृह. दारापूर म्हणजे काही कोण्या कारखानदाराची वसाहत नव्हे. एका खेड्यातला दलित कार्यकर्ता, गाठीला चळवळीखेरीज काही नाही, आणि तो राज्याच्या वरिष्ठ सभागृहाच्या सर्वोच्च आसनावर! आज तोच तरुण दारापुरातून किंवा रिद्धपुरातून निघाला आणि एखाद्या पक्षाच्या कार्यालयात स्थानिक स्वराज्य संस्थेची उमेदवारी मागू लागला, तर त्याला कोणता प्रश्न विचारतील? त्याने किती आंदोलने केली, असे नाही. त्याने जिल्हा परिषदेच्या किती सभांत तोंड उघडले, असेही नाही. त्याला विचारतील : ‘तुमची क्षमता काय?’ राजकीय मराठीत अलीकडे एक शब्द रूढ झाला आहे, ‘सक्षम उमेदवार’. या शब्दाचा अर्थ कोणत्याही शब्दकोशात शोधू नये. बँकेच्या पासबुकात शोधावा.

हा शब्द इतका निर्लज्जपणे चालतो, त्याचे कारण कायद्यातच आहे. विधानसभेच्या उमेदवाराला निवडणुकीत ४० लाखांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. २०२२ पासून मोठ्या राज्यांत ही मर्यादा आहे, ती किती पाळली जाते हा भाग निराळा. लोकसभेलाही मर्यादा आहे. विधान परिषदेला? मर्यादाच नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने लोकसभा आणि विधानसभा यांच्या खर्चाला कुंपण घातले आणि परिषदेचे शेत मोकळे सोडले. जिथे मतदार लाखो आहेत तिथे कायदा पैसे मोजतो, आणि जिथे मतदार चार-पाचशे आहेत, एकेकाच्या घरी जाऊन चहा पिता येईल इतके आहेत, एकेकाची गरज, एकेकाचे कर्ज, एकेकाच्या पोराची फी ठाऊक करून घेता येईल इतके आहेत, तिथे कायदा डोळे मिटून घेतो. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या सर्वपक्षीय बैठकीत या मर्यादेचा विषय मांडला होता. म्हणजे रोग ठाऊक नाही असे नाही. औषध ठाऊक नाही असेही नाही. रोग्यालाच बरे व्हायचे नाही!

राज्यभर या निवडणुकीच्या आधी ‘सहली’ निघतात. मतदानाच्या आठवडाभर आधी नगरसेवकांच्या घरापुढे गाडी उभी राहते, साहेब कपड्यांची पेटी घेऊन बसतात, आणि मग ते एकदम मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्राच्या दारात, उन्हाने रापलेले आणि ताजेतवाने, गाडीतून उतरताना दिसतात. मध्यंतरी ते कुठे होते हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत असते. नळाला पाणी नाही म्हणून त्यांच्या दारी गेलेल्या बाईला घरातून उत्तर मिळते, ‘साहेब बाहेरगावी गेलेत.’ तिनेच दिलेल्या मतावर साहेब बाहेरगावी गेलेले असतात. या प्रकाराला पक्ष ‘एकजूट’ म्हणतात. गुरे कोंडवाड्यात घालताना सुद्धा पावती फाडावी लागते. इथे तेवढेही नाही.

अकोल्याकडे पाहा. अकोला-वाशीम-बुलडाणा या तीन जिल्ह्यांच्या मतदारसंघातून उद्योजक गोपीकिशन बाजोरिया सलग तीन वेळा, म्हणजे अठरा वर्षे, परिषदेवर होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले भाजपचे वसंत खंडेलवाल, अकोल्यातील सराफी व्यावसायिक. बाजोरिया यांच्या बाजूच्या महाविकास आघाडीकडे कागदावर संख्याबळ होते. निकाल लागला तो ४४३ विरुद्ध ३३४, खंडेलवालांच्या बाजूने. कोण जिंकले, कोण हरले, हा प्रश्न दुय्यम आहे. पश्चिम विदर्भातले कापसाचे आणि सोयाबीनचे तीन जिल्हे, शेतकरी आत्महत्यांनी ज्यांची नावे देशभर गेली ते जिल्हे, आणि त्यांच्या हजारो गावांचा प्रतिनिधी निवडण्याच्या मुख्य लढतीत दोन्ही बाजूंना एकेक व्यावसायिक! तीन जिल्ह्यांत एकही जिल्हा परिषद सदस्य, एकही सभापती, शाळाखोल्या आणि पाणीपुरवठ्याच्या फायली उपसून पांढऱ्या केसांचा झालेला एकही कार्यकर्ता पक्षांना या जागेच्या लायकीचा वाटला नाही काय? त्यातच पुढची पायरी : बाजोरिया यांचे पुत्र विप्लव हे २०१८ मध्ये परभणी-हिंगोलीच्या अशाच मतदारसंघातून परिषदेवर गेले आणि २०२३ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेने त्यांना परिषदेतले प्रतोद नेमले. बाप अकोल्यातून, लेक मराठवाड्यातून. ‘स्थानिक’ या शब्दाचा इतका उदार अर्थ घटनाकारांनाही सुचला नसेल.

कोणी म्हणेल, हे वरच्या सभागृहाचे झाले. खालच्या सभागृहात तरी जनता थेट मत देते. देते, आणि तिच्यापुढे वाढून ठेवलेले ताट कोणते? उमेदवारांच्याच शपथपत्रांवरून काढलेला हिशेब आहे : २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या आमदाराची सरासरी मालमत्ता १० कोटी ८७ लाख होती, २०१९ मध्ये ती २२ कोटी ४२ लाख झाली, २०२४ मध्ये ४३ कोटी ४२ लाख. दर पाच वर्षांनी जवळजवळ दुप्पट! घाटकोपर पूर्वचे आमदार, बांधकाम व्यावसायिक पराग शहा यांनी २०१९ मध्ये सुमारे ५०० कोटींची आणि २०२४ मध्ये सुमारे ३,३८३ कोटींची मालमत्ता स्वतःच जाहीर केली आहे. त्यात लपवाछपवी नाही, म्हणून त्यांचे आम्ही अभिनंदनही करू. परंतु या दहा वर्षांत मोर्शी-वरुडच्या कोणत्या संत्रा बागायतदाराची मालमत्ता दर पाच वर्षांनी दुप्पट झाली, ते कोणी आम्हाला दाखवून द्यावे. ज्याचे जगणे बाजारभावावर हेलकावे खाते त्याचे प्रश्न, ज्याचे धन पाच वर्षांत दुणावते त्याला रात्री झोपेत कसे दिसावेत?

रिद्धपूरच्या शिवारात आंबिया बहाराच्या दिवसांत एकदा चालून पाहा. झाडाखाली हिरवी, कच्ची, बोराएवढी ते लिंबाएवढी फळे पडलेली असतात. पायाखाली फुटतात, वास येतो. बागवान ती गोळा करून बांधावर टाकतो, कारण बागेत राहिली तर कीड वाढते. पानांवर कोळशी चढलेली, बुंध्यातून डिंक गळतो आहे, आणि विहिरीचे पाणी खोल गेलेले. व्यापारी बाग बघून सौदा करून गेलेला असतो. बयाणा घेऊन शेतकरी वाट पाहतो, आणि फळगळ पाहून व्यापारी भाव पाडतो किंवा फिरकतच नाही. त्यात बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवीत वाढवीत २०२३ पर्यंत किलोला ८८ बांगलादेशी टका इतके केले, आणि इथला बाजार बसला. प्रक्रिया उद्योग हवा, ही ओरड या भागात तीन पिढ्यांची आहे. रिद्धपूरच्या मोर्शी तालुक्यातच ठाणाठुणी येथे मोठ्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाचे नारळ फुटले. फळ आजही कच्चेच ट्रकात भरून बाहेर जाते. पोटे यांच्या रूपाने या जिल्ह्याकडे साडेचार वर्षे राज्याच्या उद्योग खात्याचे राज्यमंत्रिपद होते. या साडेचार वर्षांचा संत्र्यापुरता ताळेबंद कुठे आहे? व्यावसायिक माणूस ताळेबंद मांडण्यात वाकबगार असतो, असे आम्ही ऐकत आलो आहोत.

आणि अप्पर वर्धा? सिंभोऱ्याच्या धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या, ज्या धरणाचे पाणी अमरावती शहर पिते आणि ज्या पाण्याने बडनेरा मोटार धुते, त्याचे प्रकल्पग्रस्त मोर्शीत महिनोन् महिने धरणे धरून बसले; कोणी दखल घेईना तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईस जाऊन मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. जाळीवर! राज्याच्या कारभाराच्या मुख्य इमारतीत माणसांनी आत्मनाश करू नये म्हणून सरकारला जाळी बांधावी लागते, आणि त्या जाळीवर पडून आपले गाऱ्हाणे मांडण्याखेरीज मोर्शीच्या शेतकऱ्याला दुसरा दरवाजा उरत नाही. जिल्ह्याचा परिषदेवरचा आमदार हा तो दरवाजा व्हावा म्हणून घटनेच्या १७१ व्या कलमाने ती जागा निर्माण केली. दरवाजा असता तर जाळी लागली नसती.

या अनास्थेचा कळस पुढेच आहे. मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची आणि महापालिकेची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक बसले. जून २०२४ मध्ये पोटे यांची परिषदेची दुसरी मुदत संपली, तेव्हा नवा प्रतिनिधी निवडायला मतदारच शिल्लक नव्हते, म्हणून निवडणूकच झाली नाही. निवडून आलेल्यांनी निवडायचे, आणि निवडून आलेलेच नाहीत! परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक संस्थांच्या. त्या एकामागून एक रित्या होत गेल्या, आणि एकाही मोठ्या पक्षाने त्यासाठी रस्त्यावर उतरून एक दिवसही जिल्हा बंद पाडला नाही. जी जागा मिळविण्यासाठी सहली निघतात, ती रिकामी राहिली तर कोणाला हळहळ नाही, यावरून त्या जागेचा उपयोग कोणाला होत होता याची कल्पना यावी.

अशा वेळी गावाने काय करावे? उमेदवार रिद्धपुरात मत मागायला येणार नाही. त्याला इथे मत नाही. म्हणून रिद्धपूरनेच उठावे. लोकप्रतिनिधित्व कायद्याची जी अनुसूची मतदार संस्था ठरविते, तिच्यात महाराष्ट्राच्या ग्रामपंचायती घाला, आणि परिषदेच्या उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घाला, या दोन मागण्यांसाठी गावाला कोणाची परवानगी लागत नाही. पाचशे माणसे बसगाड्यांत घालता येतात. शेकडो ग्रामपंचायतींचे हजारो सदस्य घालायला बसगाड्या कुठून आणाल? संसदेतले आमचे प्रतिनिधी म्हणतील, हे क्लिष्ट आहे. त्यांना कर्नाटक दाखवा.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पहिला ठराव रिद्धपूरचा व्हावा, दुसरा शेजारच्या गावाचा, आणि तो घेऊन सरपंचांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे, टपालाने पाठवू नये. मजकूर दोन ओळींचा पुरे. भाषा मराठी असावी. खाली सरपंचाची सही, सदस्यांच्या सह्या, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा.